वाचकांचे प्रश्न : अडचण कोणाची आणि मोजपट्टी कोणाची?

मागील अंकात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना करिअरचा निर्णय घेताना येणाऱ्या अडचणी मोजणाऱ्या प्रश्नावलींविषयी एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच येथे संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात ३४ विधानांची एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. प्रत्येक विधान आपल्याला किती लागू पडते, यासाठी १ ते ९ यांपैकी एक अंक द्यायचा होता. माझी सरासरी ६.१ आली. अहवालात शेजारच्या रकान्यात दुसऱ्या एका देशातील विद्यार्थ्यांची सरासरी छापली होती आणि ती माझ्यापेक्षा बरीच कमी होती. मित्रांनी मला 'निर्णयशून्य' म्हणायला सुरुवात केली आहे. हे खरे समजावे का? — पदवीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी

उत्तर : मित्रांनी तुम्हाला जे नाव दिले आहे, ते त्या आकड्यातून निघत नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही इतामार गाती, मिना क्राउस आणि सॅम्युएल ओसिपो यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती असावी. मूळ आवृत्तीत ४४ विधाने होती. या प्रश्नावलीच्या मुळाशी असलेली कल्पना साधी आहे. आपल्याला निर्णय घ्यायचा आहे याची ज्याला जाणीव आहे, तो घेण्याची ज्याची इच्छा आहे आणि तो योग्य रीतीने घेण्याची ज्याची क्षमता आहे, असा एक आदर्श माणूस आधी कल्पायचा. मग प्रत्यक्षातला विद्यार्थी त्या आदर्शापासून जिथे जिथे ढळतो, तिथे तिथे एक अडचण आहे असे मानायचे. अशा दहा प्रकारच्या अडचणी तीन गटांत मांडलेल्या आहेत. निर्णयाला हात घालण्यापूर्वीच्या अडचणी पहिल्या गटात येतात : इच्छेचा अभाव, कोणत्याही बाबतीत निर्णय घेताना होणारी चालढकल आणि निवडीविषयीच्या चुकीच्या समजुती. दुसऱ्या गटात माहितीचा अभाव येतो. तो निर्णयाच्या पायऱ्यांविषयी असू शकतो, स्वतःविषयी असू शकतो, निरनिराळ्या क्षेत्रांविषयी असू शकतो किंवा माहिती कुठून मिळवायची याविषयीही असू शकतो. तिसऱ्या गटात माहिती आहे, पण ती एकमेकींशी जुळत नाही : ती विश्वासार्ह नाही, किंवा मनातच ओढाताण आहे, किंवा जवळच्या माणसांशी मतभेद आहेत.

आता तुमच्या ६.१ कडे पाहू. ज्या विद्यार्थ्याला क्षेत्रांची माहितीच नाही त्याची सरासरी ६.१ येऊ शकते, आणि ज्याला सगळी माहिती आहे पण दोन आवडींपैकी एकही सोडवत नाही त्याचीही तितकीच येऊ शकते. पहिल्याला चार लोकांना भेटायला आणि वाचायला सांगावे लागेल. दुसऱ्याला आणखी माहिती दिली तर त्याचा गोंधळ वाढेल. म्हणून महाविद्यालयाकडे एकूण सरासरीऐवजी दहा प्रकारांचे दहा आकडे मागा. ते देत नसतील, तर त्या अहवालाचा तुम्हाला फारसा उपयोग नाही, असे मी स्पष्टच म्हणेन.

दुसरी गोष्ट शब्दांची आहे. 'अजून ठरवलेले नाही' आणि 'ठरवताच येत नाही' या दोन वेगळ्या अवस्था आहेत. पहिली अवस्था शिकण्याच्या वयात जवळजवळ प्रत्येकाला येते आणि माहिती, अनुभव, थोडा वेळ मिळाला की ओसरते. दुसरी व्यक्तीच्या स्वभावात मुरलेली असते. कोणता विषय घ्यावा इथपासून कोणता सदरा घालावा इथपर्यंत ती माणसाला अडवते. या प्रश्नावलीत दुसऱ्या अवस्थेविषयी थेट विचारणारी विधाने फक्त तीन आहेत. त्या तिन्हींना तुम्ही ८ किंवा ९ दिले असतील, तर समुपदेशकाशी बोलणे चांगले. दिले नसतील, तर मित्रांचे म्हणणे सोडून द्या.

शेजारच्या रकान्यातील परदेशी सरासरीचे काय, हा प्रश्न उरतो. तिच्यावर सध्या बोट ठेवून ती झाका. कारण पुढच्या दोन उत्तरांत येईल.

प्रश्न : मी मानसशास्त्रात पीएच.डी. करत आहे. इंग्रजीतील अशा एका प्रश्नावलीचे मराठी भाषांतर करून दोन भाषांतील विद्यार्थ्यांची तुलना करण्याचा विचार आहे. भाषांतर एका प्राध्यापकांकडून करून घेतले, दुसऱ्या प्राध्यापकांनी ते पुन्हा इंग्रजीत आणले आणि ते मूळ मजकुराशी जवळपास तंतोतंत जुळले. आता माहिती गोळा करायला हरकत नाही ना? — एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : आहे, आणि मोठी हरकत आहे. तुम्ही केलेली उलट भाषांतराची पद्धत रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली व्यवस्थित मांडली आणि तेव्हापासून ती संशोधकांच्या अंगवळणी पडली. ढोबळ चुका पकडायला ती चांगली आहे. पण उलट भाषांतर करणारी व्यक्ती हुशार असेल, तर ती वाईट मराठीतूनही मूळ इंग्रजी ओळखते आणि नकळत दुरुस्त करून टाकते. शब्द सुखरूप परत येतात. अर्थ मराठी वाचकापर्यंत पोहोचला का, हे मात्र कळत नाही.

माझीच एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रश्नावलीचे भाषांतर करताना मी 'करिअर' हा इंग्रजी शब्द टाळायचा म्हणून सगळीकडे 'व्यवसाय' लिहिले. उलट भाषांतर उत्तम जुळले. मग दहा-बारा विद्यार्थ्यांना विधाने वाचायला दिली आणि वाचता वाचता मनात काय येते ते मोठ्याने बोलायला सांगितले. 'व्यवसाय निवडताना मला कोणत्या पायऱ्या घ्याव्यात हे कळत नाही' या विधानाला एका मुलीने ९ दिले आणि म्हणाली, "मॅडम, भांडवल कुठून आणायचं तेच कळत नाही." आपल्या रोजच्या बोलण्यात 'नोकरी करणार की व्यवसाय?' असा प्रश्न असतो, हे मला माहीत नव्हते असे नाही. टेबलाशी बसून भाषांतर करताना ते आठवले नाही, इतकेच. त्या मुलीला करिअरच्या पायऱ्या ठाऊक होत्या. तिचे ९ गुण माझ्या शब्दाने दिले होते. तेव्हापासून मी मुकाट्याने 'करिअर' असेच लिहिते. विद्यार्थी बोलतात तो शब्द तोच आहे.

दुसरे उदाहरण अधिक बारीक आहे. निर्णय घेणे सहसा जड जाते, अशा आशयाचे एक विधान प्रश्नावलीत आहे. ते 'मला सहसा निर्णय घेता येत नाही' असे केले, तर मराठीत दोन अर्थ होतात : मला ते जमत नाही, किंवा मला तशी मुभा नाही. पहिला अर्थ स्वभावाविषयी आहे, दुसरा घरातील किंवा संस्थेतील अधिकाराविषयी. म्हणजे एकाच वाक्यात पहिल्या गटातील अडचण आणि तिसऱ्या गटातील अडचण मिसळली गेली. 'मला निर्णय घेणे अवघड जाते' असे लिहिले की बराच गुंता सुटतो.

तिसरे उदाहरण मला सर्वांत जास्त विचारात पाडणारे वाटते. ३४ विधानांपैकी ३२ विधाने अडचणी मोजतात. उरलेली दोन विधाने, उत्तर देणाऱ्याने लक्षपूर्वक वाचले की नाही हे तपासण्यासाठी घातलेली आहेत. त्यांपैकी एकाचा आशय असा की मला गोष्टी माझ्या पद्धतीने करायला आवडतात, आणि दुसऱ्याचा असा की सांगितलेले मी नेहमी करते, मग ते माझ्या इच्छेविरुद्ध का असेना. पहिल्याला कोणीही होकार देईल आणि दुसऱ्याला नकार देईल, अशी अपेक्षा त्यात गृहीत आहे. जिथे स्वतःच्या पद्धतीने वागणे हा निर्विवाद गुण मानला जातो, तिथे ही अपेक्षा चालून जाते. मराठीत मात्र 'आपल्याच मनाचे करणारी' हे वर्णन कौतुकाने क्वचितच केले जाते. नम्र विद्यार्थिनीने पहिल्या विधानाला ३ आणि दुसऱ्याला ७ दिले, तर ती निष्काळजी ठरेल आणि तिची उत्तरपत्रिका बाद होईल. आणि बाद होणाऱ्यांमध्ये वडीलधाऱ्यांचे ऐकणाऱ्या मुलामुलींचे प्रमाण अधिक असेल, तर उरलेला नमुना आधीच एका बाजूला झुकलेला असेल. लक्ष तपासण्याचे साधनच मूल्यांचे मापन करू लागले, असा हा प्रकार आहे. तुमच्या अभ्यासात बाद होणाऱ्या उत्तरपत्रिका वेगळ्या ठेवा, त्यांचे वय, लिंग, अभ्यासक्रम पाहा आणि त्या धरून व वगळून, असे दोन्ही निष्कर्ष द्या.

म्हणून पुढचा क्रम असा सुचवते. प्रथम मूळ कर्त्यांची लेखी परवानगी घ्या. नंतर एकमेकांशी न बोलता काम करणाऱ्या दोघांकडून स्वतंत्र भाषांतरे करून घ्या, त्यांपैकी एक जण मानसशास्त्राबाहेरचा असावा. मग दोन्ही मसुदे समोरासमोर ठेवून वाद घाला, कारण जिथे दोन भाषांतरे फाटतात तिथेच मूळ विधान निसरडे असते. त्यानंतर विद्यार्थ्यांकडून मोठ्याने विचार करवून घ्या. ही पायरी वेळखाऊ आहे आणि म्हणूनच ती बहुतेक जण गाळतात. इंटरनॅशनल टेस्ट कमिशनच्या चाचण्यांच्या अनुवाद व रूपांतराविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ साली आली. तीही तुम्ही हाताशी ठेवा, कारण मापनाची संकल्पना दोन्ही समाजांत सारखी आहे का, हा प्रश्न ती भाषांतराच्या आधी विचारायला लावते.

मोठा नमुना गोळा झाल्यावर संख्याशास्त्रीय तपासणी येते आणि ती तीन पायऱ्यांची असते. विधानांचे गट दोन्ही भाषांत सारखेच पडतात का, ही पहिली पायरी. प्रत्येक विधानाचा त्याच्या गटाशी असलेला संबंध दोन्हीकडे सारखाच घट्ट आहे का, ही दुसरी. आणि अडचण अगदी सारखी असलेले दोन विद्यार्थी, एक या भाषेतला आणि एक त्या भाषेतला, त्या विधानाला सारखाच अंक देतात का, ही तिसरी. पहिली पायरी पार झाली की लोक आनंदाने सरासऱ्यांची तुलना करू लागतात. सरासऱ्यांच्या तुलनेचा हक्क तिसरी पायरी पार झाल्यावरच मिळतो. दुसऱ्या पायरीपर्यंत पोहोचलात, तर एकेका समाजाच्या आत अडचणींचा आत्मविश्वासाशी किंवा गुणांशी काय संबंध आहे, हे पाहून त्या संबंधांची तुलना करता येते. प्रबंधाला तेवढेही पुष्कळ आहे.

प्रश्न : पूर्व आशियातील विद्यार्थ्यांना करिअरचा निर्णय घेताना पाश्चात्त्य विद्यार्थ्यांपेक्षा जास्त अडचणी येतात, असे एका व्याख्यानात ऐकले. यामागे सामूहिक, म्हणजे व्यक्तीपेक्षा समूहाला अधिक महत्त्व देणारी संस्कृती आहे, असेही वक्त्यांनी सांगितले. हे कितपत खरे आहे? — एक अधिव्याख्याते

उत्तर : ऐकलेले वाक्य हवेतले नाही. वेई-चेंग माऊ यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच प्रश्नावलीवर तैवानच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांपेक्षा अधिक अडचणी नोंदवल्या होत्या. यातील 'नोंदवल्या' हे क्रियापद मी मुद्दाम वापरले आहे. 'नोंदवल्या' आणि 'आल्या' यांच्यामध्ये बरेच काही घडत असते.

सर्वांत आधी अंक देण्याची सवय. चुआनशेंग चेन, शिन-यिंग ली आणि हॅरॉल्ड स्टीव्हन्सन यांनी १९९५ साली दाखवले की पदनिश्चयन श्रेणीवर, म्हणजे ठरलेल्या अंकांतून एक अंक निवडण्याच्या पट्टीवर, जपानी आणि चिनी विद्यार्थी मधले अंक अधिक वेळा निवडतात, तर अमेरिकन विद्यार्थी टोकाचे अंक अधिक वेळा निवडतात. हे फरक त्यांना फार मोठे आढळले नाहीत, हेही सांगायला हवे. पण आपल्या प्रश्नावलीत एक खास अडचण आहे. तिची ३२ विधाने एकाच दिशेची आहेत; सहमती म्हणजे अडचण. आता, ज्या विद्यार्थ्याला खरोखर फारशी अडचण नाही, त्याचा अचूक अंक १ किंवा २ असतो. टोकाला जाणे ज्याला उद्धटपणाचे वाटते, तो ४ देतो. त्याची सरासरी वाढली ती अडचणीने नव्हे, संकोचाने.

नंतर तुलनेचा आरसा. 'मला स्वतःच्या क्षमतांची पुरेशी कल्पना नाही' या आशयाच्या विधानाला अंक देताना विद्यार्थी स्वतःची तुलना आपल्या वर्गातल्या मुलांशी करतो, दुसऱ्या खंडातल्या मुलांशी नाही. स्टीव्हन हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली या मुद्द्याकडे ठळकपणे लक्ष वेधले : दोन समाजांत खरा फरक असला तरी, प्रत्येक जण आपापल्या समाजाच्या सरासरीशी स्वतःला ताडून पाहत असल्यामुळे तो फरक आकड्यांत पुसला जाऊ शकतो. म्हणजे आकड्यात दिसणारा फरक खोटा असू शकतो, तसाच आकड्यात न दिसणारा फरक खराही असू शकतो. व्याख्यानांत या दोन शक्यतांपैकी पहिली कधीमधी तरी येते; दुसरी जवळजवळ कधीच येत नाही.

आता सर्वांत कळीचा मुद्दा. स्वभावातील चालढकल मोजणाऱ्या तीन विधानांपैकी एकाचा आशय असा आहे की माझ्या निर्णयांना एखाद्या जाणकाराचा किंवा विश्वासाच्या व्यक्तीचा दुजोरा आणि आधार मिळावा, अशी गरज मला सहसा वाटते. हे विधान लागू पडले की ते अडचणीच्या खात्यात जमा होते. पण ज्या समाजात महत्त्वाच्या निर्णयाआधी दोन अनुभवी माणसांना विचारणे हा शहाणपणा समजला जातो, तिथे याच विधानाला दिलेला ८ हा अंक चांगल्या निर्णयपद्धतीची खूण ठरेल. थोडा हिशेब करून पाहा. समजा, दोन देशांतील विद्यार्थ्यांची खरी अडचण अगदी सारखी आहे, पण या एका विधानाला एका देशातील विद्यार्थी सरासरीने ३ अंक अधिक देतात. तीन विधानांच्या त्या प्रकारात त्यांची सरासरी पूर्ण १ अंकाने वाढेल. १ ते ९ च्या पट्टीवर एवढा फरक शोधनिबंधाचे शीर्षक व्हायला पुरेसा आहे. आणि ३२ विधानांच्या एकूण सरासरीत हाच फरक ३ भागिले ३२, म्हणजे सुमारे ०.०९ इतकाच दिसेल. एकूण सरासरी पाहणाऱ्याला पक्षपात दिसणारच नाही, आणि प्रकारवार सरासरी पाहणारा त्याला संस्कृतीचा गुणधर्म समजेल. पहिल्या पत्रातील विद्यार्थ्याला मी दहा आकडे मागायला सांगितले आहेत. ते एकाच व्यक्तीची अडचण कुठे आहे हे पाहण्यासाठी योग्य आहे. दोन देशांच्या तुलनेत मात्र तेच दहा आकडे एकेका विधानापर्यंत खाली उतरून तपासावे लागतात.

यात नमुन्याची भर घाला. १९९६च्या मूळ अभ्यासात इस्रायलमधील २५९ तरुण आणि ३०४ अमेरिकन विद्यार्थी होते. इस्रायलमध्ये सक्तीची लष्करी सेवा असल्याने तेथील अनेक तरुण विद्यापीठात उशिरा पोहोचतात. अमेरिकेत पुष्कळ विद्यार्थी महाविद्यालयात आल्यावर वर्ष-दोन वर्षांनी मुख्य विषय ठरवतात. अन्य अनेक देशांत तो प्रवेशाच्या दिवशीच ठरलेला असतो. त्यामुळे 'पदवीच्या दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी' या एकाच नावाखाली, निर्णय तोंडावर आलेले आणि निर्णय मागे टाकलेले, असे दोन वेगळे समूह एका तक्त्यात येतात. त्यांच्यातील फरकाला संस्कृती म्हणणे म्हणजे घड्याळातील फरकाला हवामान म्हणण्यासारखे आहे.

सामूहिक संस्कृती हे स्पष्टीकरण मी फेटाळत नाही. ते सर्वांत शेवटी यावे, एवढेच म्हणते. आधी अंक देण्याची सवय, विधानाचा अर्थ आणि निर्णयाची वेळ यांचा हिशेब चुकता करावा. त्यानंतर जे उरेल त्याला संस्कृती म्हणावे. शिवाय 'सामूहिकता' हा गुण विद्यार्थ्यांच्या देशावरून गृहीत न धरता प्रत्येक विद्यार्थ्यात प्रत्यक्ष मोजलेला असावा. एकाच वर्गात घरच्यांच्या शब्दाबाहेर न जाणारी आणि घरच्यांना न विचारता अर्ज भरणारी, अशी दोन्ही मुले बसलेली असतात, हे आपण रोज पाहतच असाल.

प्रश्न : आमच्या चाचणीत संपूर्ण प्रश्नावलीची विश्वसनीयता ०.९३ आली, पण 'चुकीच्या समजुती' या चार विधानांच्या प्रकाराची जेमतेम ०.६. हा प्रकार काढून टाकावा का? — पदव्युत्तर विद्यार्थी

उत्तर : घाईने काढू नका. विश्वसनीयतेचा हा आकडा, म्हणजे विधाने एकमेकींशी किती जुळतात हे सांगणारा क्रॉनबॅक यांचा अल्फा, विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांमधील सरासरी सहसंबंध ०.३ धरा : ३२ विधानांचा अल्फा ०.९३ येतो आणि चार विधानांचा ०.६३. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे विधानांच्या एकाच दर्जातून निघू शकतात, आणि ०.९३ मुळे हुरळून जाण्याचेही कारण नाही. या प्रकाराची विश्वसनीयता अनेक भाषांत कमीच येत आली आहे, आणि त्याला अर्थाचेही कारण आहे. आपल्याला योग्य असे एकच क्षेत्र जगात आहे असे मानणारा, आणि एकदा केलेली निवड आयुष्यभराची बांधिलकी आहे असे मानणारा, हे दोघे एकच असतील असे नाही. शिवाय जिथे क्षेत्र बदलण्याची सोय खरोखरच नाही, तिथे दुसरी समजूत चुकीची नसून वस्तुस्थितीचे वर्णन आहे. चारही विधानांचे निकाल सुटे सुटे द्या आणि या प्रकाराच्या बेरजेवर कोणाही एका विद्यार्थ्याविषयी मत बनवू नका.

प्रश्न : मी महाविद्यालयात समुपदेशक आहे. काही विद्यार्थ्यांचे गुण सर्व प्रकारांत अतिशय कमी येतात, म्हणजे अडचण जवळजवळ नाहीच. त्यांना न बोलावता फक्त जास्त गुणांच्या विद्यार्थ्यांना बोलावण्याची आमची पद्धत आहे. ती योग्य आहे का? आणि संशोधनातील इतक्या शंका वाचल्यावर ही प्रश्नावली रोजच्या कामात वापरावी की नाही? — एक समुपदेशक

उत्तर : प्रश्नावली जरूर वापरा, पण यादी करण्याची पद्धत बदला. जेम्स मार्सिया यांनी १९६६ साली ओळख घडण्याच्या ज्या चार अवस्था मांडल्या, त्यांपैकी एक अशी आहे की माणूस शोध न घेताच बांधिलकी स्वीकारतो : काय व्हायचे ते दुसऱ्याने ठरवले आहे, आणि त्यावर कधी विचारच करावा लागलेला नाही. अशा विद्यार्थिनीला इच्छेचा अभाव नाही, माहितीची गरज वाटत नाही, ओढाताण नाही आणि घरच्यांशी मतभेद तर नाहीतच, कारण मतभेद होण्यासाठी आधी स्वतःचे मत लागते. तिचे दहाही आकडे २च्या खाली असतील. विचारपूर्वक निवड करून निश्चिंत झालेल्या विद्यार्थिनीचेही तितकेच असतील. अडचणी मोजणारी कोणतीही प्रश्नावली या दोघींना वेगळे करू शकत नाही; तिचे कामच ते नाही. पण पहिली मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अचानक कोसळते, तेव्हा ती तुमच्या यादीत कधीच नव्हती, हे तुमच्या लक्षात येते.

याला सोपा उपाय आहे. प्रश्नावलीच्या शेवटी दोन साधे प्रश्न स्वतःचे जोडा. आत्ता कोणती क्षेत्रे डोळ्यांसमोर आहेत ती लिहा, हा पहिला. आणि ज्यांचा विचार करून सोडून दिला ती कोणती व का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नासमोरची जागा कोरी ठेवणाऱ्या, पण सर्वत्र कमी गुण असणाऱ्या विद्यार्थ्यांना आधी बोलवा. असा मोकळा प्रश्न ठेवण्याची कल्पना नवी नाही. ओसिपो आणि सहकाऱ्यांच्या १९७६च्या करिअर निर्णय श्रेणीत १९ घटक होते : पहिली दोन विधाने खात्रीविषयी, नंतरची सोळा अनिश्चिततेविषयी, आणि शेवटचा घटक, आधीची विधाने आपल्याला लागू पडत नसतील तर स्वतःच्या शब्दांत लिहिण्यासाठी मोकळा ठेवलेला. नंतरच्या घोटीव प्रश्नावलींच्या काळात ती मोकळी ओळ मागे पडली याचे मला वाईट वाटते. दुसऱ्या संस्कृतीतला विद्यार्थी आपल्या चौकटीत मावत नाही हे सांगण्याची जागा त्याच ओळीत होती.

रोजच्या वापराविषयी म्हणाल, तर तुमचे काम संशोधकापेक्षा एका बाबतीत सोपे आहे. तुम्हाला या विद्यार्थ्याची तुलना दुसऱ्या देशातील विद्यार्थ्याशी करायचीच नसते. त्याच्याच दहा आकड्यांपैकी सर्वांत वरचे दोन कोणते, हे तुम्हाला पाहायचे असते. जो विद्यार्थी सवयीने सगळीकडे एक-दोन अंक चढे देतो, त्याचेही वरचे दोन प्रकार वरच राहतात. विधानाच्या अर्थाचा घोळ मात्र इथेही राहतोच, म्हणून वर आलेल्या प्रकारातील विधाने त्याच्यासमोर ठेवून "हा ८ देताना डोक्यात काय होते?" एवढे विचारा. मतभेदाच्या विधानाला ८ देणारा एक विद्यार्थी वडिलांशी झालेल्या भांडणाविषयी बोलेल, दुसरा जिवलग मित्र दुसरीकडे प्रवेश घेतो आहे म्हणून, आणि तिसरा सांगेल की घरात कोणी काही म्हटलेलेच नाही, पण ते नाराज होतील असे वाटते. तिघांशी करायचे बोलणे तीन प्रकारचे आहे.

उत्तरांतून भीती, निराशा किंवा स्वतःविषयीची अस्थिरता डोकावत असेल, तर माहितीच्या अडचणींमागे लागण्यापूर्वी तिकडे वळावे लागते. नोआ साका, गाती आणि केव्हिन केली यांनी २००८ साली भावनिक व व्यक्तिमत्त्वाशी निगडित अडचणींची वेगळी मांडणी केली ती याचसाठी. निराशावादी दृष्टी, चिंता आणि स्वतःविषयीची प्रतिमा व ओळख, असे तिचे तीन गट आहेत. ज्याला निवडीची धास्ती बसली आहे, त्याच्या हातात आपण आणखी एक माहितीपुस्तिका देतो आणि तो ती न उघडता दप्तरात ठेवून निघून जातो. पुढच्या भेटीत पुस्तिकेविषयी विचारू नका. ती उघडावीशी का वाटली नाही, हे विचारा.